अक्काचं गोंदण

आमच्या घरातली सगळ्यांत देखणी बाई भिंतीवर राहायची आणि दर महिन्याला बदलायची. पुण्या-मुंबईकडून एक मासिक यायचं, त्याचं रंगीत मुखपृष्ठ भाऊ नीट कापून घेत आणि खाली स्टुडिओतल्या आरशाशेजारी टाचण्यांनी लावत. भाऊ म्हणजे आमचे वडील. खानदेशात बापाला भाऊ म्हणणारी घरं पुष्कळ, त्यात आमचं एक. कधी त्या बाईच्या हातात तंबोरा असे, कधी कमळ, कधी पूजेचं तबक. पण नाक तेच, सरळ आणि बारीक, रंग साईसारखा, आणि मान इतकी लांब की आमची माय म्हणायची, हिला घागर डोक्यावर दिली तर मोडायची. भाऊंना त्या बायांचं कौतुक होतं ते निराळ्या कारणानं. उजेड कुठून पाडलाय, मान किती वळवलीय, पदर खांद्यावर कुठे थांबवलाय, हे ते तासन्‌तास बघत. पण आरशात बघून केस सारखे करणाऱ्या मुली मात्र आधी त्या चित्राकडे बघत, मग आरशाकडे, आणि मग त्यांच्याबरोबरची आई नाहीतर मावशी हळूच म्हणे, भाऊसाहेब, आमच्या मुलीचाही असाच येऊ द्या.

आणि तो तसाच येई. धुळ्यात तेव्हा लग्नाच्या मुलीचा फोटो काढून पाहुण्यांकडे पाठवायची पद्धत नुकती रुळत होती. व्यापाऱ्यांच्या घरांत ती आधी आली, मग वकिलांच्या, आणि मग आमच्यासारख्या, गावाकडची शेती भावाच्या स्वाधीन करून शहरात आलेल्यांच्या. स्टुडिओच्या उत्तरेकडच्या भिंतीला उंचावर काचा होत्या, त्यांवरचे पडदे काठीनं सरकवून भाऊ उजेड कमी-जास्त करत. फोटो निघे तो काचेवर, आणि काचेवर सगळंच उलटं: काळे केस पांढरे, पांढरं लुगडं काळं. अशी काच खिडकीशी तिरप्या चौकटीत ठेवून, तिच्यावर कसलंसं चिकट औषध पुसून, भाऊ सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल घेऊन बसत. जिथे सुरकुती, तिथे पेन्सिल. जिथे देवीचे वण, तिथे पेन्सिल. काचेवर जितकं काळं करावं तितका कागदावर चेहरा गोरा उतरतो, हे मला लहानपणी फार मजेचं वाटे. नाकाच्या दोन्ही बाजूंना मात्र ते पेन्सिल लावत नसत, तिथे पात्यानं काच किंचित खरवडत. मग तिथे सावली येई आणि नाक बारीक होई. हे सगळं चालू असताना ते श्वास रोखून धरत. शेवटी शेवटी अशी वेळ आली की धुळ्यातल्या निम्म्या उपवर मुलींचं नाक एकच झालं. पाहुणे प्रत्यक्ष घरी आले की खरं नाक दिसायचंच, पण तोवर बोलणी पुढे गेलेली असत. भाऊ म्हणत, फोटो म्हणजे दारावरचं तोरण, आत घर कसं आहे ते आत आल्यावर बघावं.

आम्ही राहायचो स्टुडिओच्या वरच. खाली आरसे, पडदे आणि रंगवलेली बाग, आणि वर चूल, जातं, पाटा-वरवंटा. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा, त्या आधीच मायचं जातं सुरू झालेलं असे. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्याचा आवाज खाली आलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जातो म्हणून भाऊ कुरकुरत, आणि थंडीत माय निखाऱ्यावर वांगी भाजायला घेई तेव्हा तर तो वास थेट स्टुडिओत उतरे. कुणा शेठाणीचा फोटो चाललेला असे आणि ती विचारी, भरीत आहे वाटतं आज? भाऊंना ओशाळल्यासारखं होई. मायला त्याचं काही नव्हतं. ती साक्रीकडच्या खेड्यातली, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि धुळ्यात इतकी वर्षं काढूनही ती आपली बोली सोडून दुसरं काही बोलली नाही. भाऊ आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलायचे, माय आमच्याशी अहिराणी, आणि ते दोघं एकमेकांशी भांडायचे तेव्हा भाऊही अहिराणीवर यायचे. त्यामुळे भांडण खरं की वरवरचं, हे आम्हाला लगेच कळे.

अक्का, माझी थोरली बहीण, शाळेच्या वयापर्यंत आजोळीच वाढली. मायला एकामागून एक दुखणी लागली होती म्हणून तिला तिकडे ठेवलेलं. ती धुळ्याला आली तेव्हा तिच्या कपाळावर चांदणीसारखी एक खूण, हनुवटीवर त्रिकोणात तीन ठिपके आणि दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवी नक्षी होती. आजोळच्या आजीनं बाजाराच्या दिवशी गोंदारणीपुढे बसवून ते करून घेतलं होतं. तिकडे गोंदल्याशिवाय मुलीला मुलगी म्हणतच नसत. बाकीचे दागिने चोर नेतो नाहीतर सासरा नेतो, गोंदण तेवढं बाईबरोबर सरणावर जातं, असं आजी सांगे. मी धुळ्यात जन्मले, भाऊंच्या नजरेसमोर वाढले, म्हणून मी कोरी राहिले. अक्का सावळी, हाडापेरानं मोठी, रुंद जबड्याची. हसली की सगळा चेहरा हसे. मी रंगानं उजळ आणि अंगानं किडकिडीत, सारखी सर्दी झालेली. आमच्यात देखणी कोण, हा प्रश्न तोवर कुणाच्या मनात आला नव्हता. आला असता तर मी अक्काचंच नाव घेतलं असतं.

तो प्रश्न त्या मासिकातूनच घरात आला. भाऊंनी मुखपृष्ठ कापून घेतलं की उरलेला अंक आम्हा दोघींचा. गोष्टी आधी मी वाचायचे, आणि अक्का बायकांसाठीचं पान वाचायची, बोट ठेवून, सावकाश. कपाळाची उंची, नाकाची लांबी आणि नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर सारखं असावं. बोटं निमुळती असावीत. कंबर मुठीत मावेल अशी असावी; कुणाच्या मुठीत ते लिहिलेलं नसे. रात्री हाताला साय चोळावी. मायनं हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, मग तूप कसाचं करानं? आम्ही पुष्कळ हसलो. पण एका अंकात गोंदणाबद्दल लिहून आलं. सुशिक्षित घरांनी ही रानटी चाल आता टाकावी, चेहऱ्यावर गोंदण असलेली स्त्री सुधारलेल्या समाजात अडाणी दिसते, असं कुण्या बाईंनीच लिहिलं होतं. अक्कानं ते वाचून दाखवलं नाही. तिनं अंक मिटून फडताळात ठेवला, आणि नंतर मी तो काढून वाचला तेव्हा मला कळलं. तेव्हापासून तिला एक सवय लागली. कुणी आलं की ती पदराचा काठ हनुवटीशी धरून उभी राही. लोकांना वाटे पोर लाजाळू आहे.

माझी नात आता मुंबईहून येताना जाड गुळगुळीत कागदाची इंग्रजी मासिकं आणते. मला इंग्रजी येत नाही, पण फोटो वाचता येतात, मी फोटोवाल्याची मुलगी आहे. मी त्या मुलींचे चेहरे बघत नाही, कोपरं बघते. हात सरळ असला की कोपराला सुरकुत्या पडतात, राणीच्या पडतात आणि मोलकरणीच्याही पडतात. या मुलींच्या कोपरांवर काहीच नसतं. नातीला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, आजी, हे सगळ्यांना माहीत असतं गं. मग ती आरशापुढे गेली आणि स्वतःची कोपरं वळवून बघत राहिली. माहीत असण्याचा फारसा उपयोग होत नाही.

भाऊंनी अक्काचा फोटो काढला तो काही लग्नासाठी नव्हे. त्या मासिकात वाचक भगिनींचे फोटो छापायचं एक पान होतं आणि फोटोखाली काढणाऱ्याचं नाव व गाव येई. धुळ्याचं नाव तिथे आजवर आलं नव्हतं. भाऊंनी अक्काला मायचं ठेवणीतलं जरीकाठी लुगडं नेसवलं, मान थोडी डावीकडे, नजर खाली, हातात कागदी कमळ. मनगटापासून कोपरापर्यंतचे हात पदराखाली घ्यायला लावले. मग ती काच घेऊन ते खिडकीशी बसले ते संध्याकाळचा उजेड जाईपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशीही. मी शेजारी उभी राहून पाहत होते. कपाळावरची चांदणी गेली. हनुवटीवरचे ठिपके एक एक करून गेले. मग जबडा दोन्ही बाजूंनी आत आला, नाक सरळ झालं, मान लांबली. भाऊंच्या हाताला यश होतं, ते मी आजही म्हणेन. कागदावर फोटो उतरला तेव्हा पेन्सिलीचा कुठे मागमूस नव्हता. मायनं तो हातात घेतला, दिव्याशी नेला आणि परत दिला. म्हणाली, हाई कोन शे? भाऊ चिडले. म्हणाले, स्वतःची मुलगी ओळखू येत नाही तुला. माय म्हणाली, मन्ही आंडेर मी वळखस, म्हनिसनच इचारस.

फोटो छापून आला. छापताना तिकडच्या कारागिरानंही आपला हात फिरवला असावा, कारण अक्काची नथही थोडी नाजूक झाली होती. भाऊंनी तो अंक येईल त्याला दाखवला, पेढे वाटले. अक्का त्या पानाकडे फार वेळ बघत बसली. तिला आनंद झाला होता, हे मी लिहून ठेवते, कारण नंतरच्या गोष्टींमुळे तो पुसला जाऊ नये. गल्लीतल्या मुली तिला चिडवायच्या, ती हसायची. पण पदराचा काठ हनुवटीवरून काही खाली येईना, उलट आता तो घरातही वर राहायला लागला.

स्थळ त्या पानावरूनच आलं. मधुकर नावाचा मुलगा, बी. ए. झालेला, जळगावात एका शाळेत मास्तर. घर पारोळ्याकडचं, आमच्याच नात्यागोत्यातलं, शेतीभाती बरी. त्यानं तो फोटो वाचनालयात पाहिला आणि आपल्या मामाला चौकशीला पाठवलं. भाऊंना आकाश ठेंगणं झालं. बी. ए. झालेला जावई आमच्या सबंध भावकीत नव्हता, आणि अक्काचं वय त्या वेळच्या हिशेबानं जरा पुढे गेलेलं होतं. मायनं एवढंच म्हटलं की आधी पोरगी कशी आहे ते सांगून टाका. भाऊ म्हणाले, सांगायचं काय त्यात, येतीलच की बघायला. समोर बसली, दोन शब्द बोलली, की स्वभाव कळेल आणि बाकीचं कुणाच्या लक्षातही राहणार नाही. ते हे खरं मानत होते. फोटोत इतकी वर्षं जे केलं ते सगळं समोरासमोर बसल्यावर सहज विरघळून जातं, अशी त्यांची समजूत होती. दुसऱ्यांच्या मुलींच्या बाबतीत तशीच वेळ आल्यावर काय होत होतं, ते त्यांनी कधी विचारलं नसावं.

पाहुणे आले त्या दिवशी उन्हाळा चांगला तापला होता. मुलगा, त्याचा मामा आणि त्याची आजी. आजीला ते सगळे मोठमाय म्हणत. मोठमाय वाकलेली, पण डोळे लख्ख, आणि हातापायांवर, गळ्यावर, कपाळावर, मिळेल तिथे गोंदलेली. ती मनाविरुद्ध आली आहे हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. अक्का सरबताचा ट्रे घेऊन बाहेर गेली. ट्रे दोन्ही हातांनी धरायचा, म्हणजे पदर धरायला हात उरत नाही. हे आमच्या कुणाच्या आधी ध्यानात आलं नव्हतं. मी दाराआडून बघत होते. मोठमायनं सरबत घेतलंच नाही. तिनं अक्काची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि म्हातारीचा चेहरा एकदम खुलला.

“गोंदन शे तं हिले,” ती म्हणाली. “मी बठ्ठासले सांगी ऱ्हायनू व्हतू, कोऱ्या हनवटीनी पोर मन्हा घरमा नको, तिन्हा हातनं पानी मी पिवाव नही. हाई तं आपली पोर शे.”

आणि तिनं सरबताचा पेला उचलून एका दमात संपवला. माझ्या मायच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान क्वचित पाहिलं असेल. पण मधुकर ट्रेकडे बघत नव्हता. त्यानं खिशातून मासिकाचं कापलेलं पान काढलं होतं. त्याच्याकडे एकदा, अक्काकडे एकदा असं बघून तो अगदी सभ्यपणे भाऊंना म्हणाला की काही गैरसमज होतोय, या त्या नव्हेत. भाऊ हसले, तीच आहे म्हणाले, आणि मग ते आपल्या कलेविषयी बोलायला लागले. काच कशी असते, औषध कसं लावतात, ठिपके कसे भरतात. मुलानं विचारलं, आणि नाक? भाऊ म्हणाले, थोडंसं. त्यानं विचारलं, हनुवटी? रंग? भाऊंचा आवाज प्रत्येक उत्तराला उतरत गेला. अक्का रिकामा ट्रे घेऊन मध्येच उभी होती. कुणी तिला बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. एखादा माल दाखवल्याप्रमाणे उतरलाय की नाही, तशी तिच्यासमोर तिचीच शहानिशा चालली होती. मला तेव्हा त्या मास्तरचा राग आला, आणि भाऊंचा त्याहून जास्त.

त्यात मायनं मला पानाचं तबक घेऊन बाहेर पाठवलं. मी दोन पावलं टाकली आणि मामांची नजर माझ्यावर आली. मग त्या कागदावर गेली, मग परत माझ्यावर. मी तेव्हा परकरातच होते. माझी हनुवटी कोरी, रंग उजळ, मान किडकिडीत. भाऊंनी इतके कष्ट घेऊन जी मुलगी काचेवर तयार केली होती, ती योगायोगानं बरीचशी माझ्यासारखी झाली होती. मामा म्हणाले, दाखवायची ही राहिली वाटतं. मधुकरनं नाही म्हटलं नाही. अक्कानं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हेवा नव्हता, आणि म्हणूनच ते मला आजतागायत विसरता आलेलं नाही. फोटो छापून आला तेव्हा ती त्या पानाकडे जसं बघत होती, तसंच माझ्याकडे बघत होती.

थोड्या दिवसांनी मामा एकटेच आले. भाऊंनी त्यांना जेवायला बसवलं, मायनं खापरावरच्या मांड्यांचा घाट घातला, आमरस केला. माणूस गोड बोलणारा होता आणि आमरसाची वाटी पुन्हा पुन्हा पुढे करत होता. त्यांचं म्हणणं असं: घर चांगलं आहे, घराण्याला नाव ठेवायला जागा नाही. मुलाच्या मनात तो फोटो बसला आहे. तेव्हा दोन वाटा आहेत. मुंबईला हल्ली डॉक्टर लोक गोंदण काढून देतात म्हणतात; चेहऱ्यावरचं तेवढं काढून घ्यावं, हातावरचं राहिलं तरी हरकत नाही, आणि मग थोरलीच करू. नाहीतर दोनेक वर्षं थांबू आणि धाकटी करू. मोठमायचं काय, असं मायनं विचारलं, तर ते हसून म्हणाले, म्हातारी आज आहे उद्या नाही. भाऊंनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. नको म्हणाले नाहीत. हे सगळं बोलणं स्वयंपाकघराच्या दाराशी चाललं होतं आणि आत अक्का मांडे खापरावर टाकत होती. तिच्या हातून एकही मांडा फाटला नाही.

ते दिवस पापडांचे होते. उन्हाळ्यात आमच्याकडे ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड गच्चीवर वाळत पडलेले असत, कावळे हाकलायला कुणीतरी काठी घेऊन बसलेलं, आणि घरभर हिंग आणि पापडखाराचा वास. त्या दुपारी माय आणि मी गच्चीवर होतो. भाऊ जेवून पडले होते. पाणी प्यायला मी खाली उतरले, तर अक्का कुठे दिसेना. ती स्टुडिओत होती, आरशापुढे, त्या महिन्याच्या बाईच्या शेजारी. तिनं चुना आणि पापडखार एकत्र कालवून त्याचा लेप हनुवटीवर लावला होता. कुणी सांगितलं ते तिनं कधीच बोलून दाखवलं नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर, मुठी आवळलेल्या, डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं आणि तोंडातून आवाज नव्हता. लेपाच्या कडेनं कातडी लाल होऊन फुगली होती. ती कपाळाचं पुढे करणार होती.

मी मायला हाका मारत वर पळाले. माय कशी खाली आली मला सांगता येत नाही, ती एरवी जिना बसत बसत उतरायची. तिनं घागरच्या घागर पाणी अक्काच्या तोंडावर ओतलं, त्या रंगवलेल्या बागेपुढे, भाऊंच्या सतरंजीवर. मग तिचं डोकं मांडीवर घेऊन ती तिथेच ओल्यात बसली आणि बोलायला लागली, ओरडून नव्हे, हळूच.

“मन्ही मायनं देयेल शे हाई तुले. नको व्हई तं नको म्हन तिले, पन सोतानं तोंड कसाले जाळस वं माय?”

भाऊ आवाजानं उठून आले होते. दारात उभे राहून त्यांनी अक्काची हनुवटी पाहिली आणि त्यांच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे, वण राहील. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. मायनं मान वर करून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तेव्हा ते खाली बसले, कॅमेऱ्याच्या तिवईशी.

जखम चिघळली, डॉक्टरांचं मलम झालं, खपली धरली आणि पडली. गोंदण गेलं नाही. गोंदारणीची सुई कातडीच्या फार खाली गेलेली असते. उलट आजूबाजूची कातडी पांढुरकी झाली आणि ते तीन ठिपके पहिल्यापेक्षा ठळक दिसायला लागले. अक्का त्या दिवसांत फार थोडं बोलली, पण पदर मात्र हनुवटीवर घेईनाशी झाली. जखमेला कापड लागू द्यायचं नाही म्हणून सुरुवातीला तो खाली आला, आणि मग खालीच राहिला.

मामांना कळवायचं राहिलं होतं. एका सकाळी भाऊ कार्ड घेऊन वरच्या खिडकीत बसले. नमस्कार-चमत्कार लिहून झाले आणि टाक थांबला. खरं काय लिहावं हे त्यांना सुचत नव्हतं आणि खोटं लिहायची हिंमत उरली नव्हती. मुलीची प्रकृती बरी नाही असं लिहितो, असं ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. अक्का पाट्यावर मिरची वाटत होती. तिनं वरवंटा बाजूला ठेवला, हात धुतले आणि खिडकीशी येऊन उभी राहिली. भाऊंशी ती नेहमी त्यांचंच मराठी बोलायची, चुकलं की ते सुधारत. त्या दिवशी ती तसं बोलली नाही.

“त्यासले लिखी द्या, भाऊ,” ती म्हणाली. “त्या फोटोमान्ही पोर आपला घरमा नही शे. कधी नव्हतीच.”

भाऊ म्हणाले, अगं, फोटो तुझाच आहे. ती म्हणाली, तुम्ही काढा तवय मन्हा व्हता. मग ती परत पाट्याकडे गेली. भाऊंनी तिचं वाक्य पुस्तकी मराठीत बसवून, पण शब्द न बदलता लिहिलं, खाली सही केली आणि कार्ड स्वतः पेटीत टाकून आले. धाकटीविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. तिकडून उत्तर आलं नाही. नात्यागोत्यात कुजबुज झाली, फोटोवाल्यानं फसवलं म्हणून, आणि ती खोटी होती असं म्हणता येणार नाही. अक्काचं लग्न पुढे शिंदखेड्याकडे झालं. त्या माणसानं तिला बाजारात वांग्यांच्या भावावरून मायच्या बाजूनं भांडताना पाहिलं होतं. फोटो कुणी मागितला नाही आणि कुणी पाठवला नाही.

भाऊंनी पेन्सिल सोडली नाही. सोडून खाणार काय होते? मुली येतच राहिल्या, त्यांच्या आया आरशाशेजारच्या चित्राकडे बोट दाखवतच राहिल्या. पण फोटो काढून झाला, काच वाळली, की भाऊ आता आईला बाहेरच्या बाकावर बसायला सांगत आणि मुलीला एकटीला खिडकीशी बोलवून घेत. पेन्सिल हातात घेण्याआधी विचारत, बाळ, यातलं काय ठेवू? तीळ, गोंदण, खळी, पुढे आलेला दात, जे असेल ते. मी खालीच असायचे, ऐकायचे. मुली आधी काचेकडे बघत, मग भिंतीवरच्या बाईकडे. बहुतेकजणी म्हणत, काहीच ठेवू नका.